पंडिताचे लेखनमेज आणि दन्तकाराचे घर

नाशिकजवळच्या अंबड येथील औद्योगिक वसाहतीत काम करणारे काही उपासक रविवारी आमच्या पाली वर्गाला येतात. एकदा चीनमधील बौद्ध परंपरेविषयी बोलताना आम्ही त्यांना जेड या दगडाच्या एका भांड्याचे छायाचित्र दाखविले. कमळाच्या पानाच्या आकाराचे, पांढरट हिरवे असे ते भांडे चिनी पंडिताच्या मेजावर कुंचला धुण्यासाठी ठेवलेले असे. आम्ही कमळाच्या प्रतीकाविषयी सांगत होतो. ग्राइंडिंगच्या यंत्रावर अनेक वर्षे काम केलेले एक उपासक मात्र छायाचित्र जवळ घेऊन पानाची आत वळलेली कड पाहत राहिले आणि म्हणाले, "सर, ही कड आतून घासलेली आहे. इथे हात कसा पोचला असेल?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. आमचे शिक्षण ग्रंथांचे. वस्तू पाहिली की तिचा अर्थ काय, हे विचारण्याची आम्हांला सवय. ती कोणी केली आणि कशी केली, हे विचारण्याची सवय नाही. हा दोष केवळ आमचा नाही. चिनी पंडितांच्या मेजावरील वस्तूंवर त्या पंडितांनी स्वतः पुष्कळ लिहून ठेवले, तेव्हा त्यांच्याही हातून बहुधा असेच झाले. विनयपिटकात मात्र हाच प्रश्न फार पूर्वी विचारला गेला आहे. त्या प्रश्नाच्या आधाराने या वस्तूंचा इतिहास पाहावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जेड म्हणजे काय?

जेड या एकाच नावाखाली दोन निराळे दगड येतात, हे १८६३ साली दामूर या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले. एक नेफ्राइट आणि दुसरा जेडाइट. आपल्याकडे फारसीच्या मार्गाने आलेला 'यशब' हा शब्द मुख्यतः पहिल्यासाठी वापरला जात असे. चीनच्या प्राचीन व मध्ययुगीन कोरीवकामातील जेड म्हणजे प्रामुख्याने नेफ्राइट होय. म्यानमारच्या कचिन प्रदेशातील हिरवागार जेडाइट चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर गेला तो अठराव्या शतकापासून.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट आहे. आपल्या अनेक विहारांत म्यानमारहून आलेल्या शुभ्र बुद्धमूर्ती आहेत आणि त्यांना सर्रास जेडच्या मूर्ती म्हटले जाते. त्यांतील पुष्कळ मूर्ती मंडाले परिसरातील संगमरवराच्या असतात. संगमरवरावर पोलादी सुरीचा ओरखडा सहज उठतो, नेफ्राइटवर उठत नाही. अर्थात मूर्तीवर हा प्रयोग कोणी करू नये. संगमरवराची मूर्तीही तितकीच वंदनीय आहे.

नेफ्राइटच्या अंगी कठीणपणापेक्षाही चिवटपणा अधिक. त्याचे सूक्ष्म तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे तो हातोडीच्या घावाने सहजासहजी फुटत नाही आणि छिन्नीने कोरताही येत नाही. म्हणून जेड 'कोरतात' हा शब्दप्रयोगच मुळात सैल आहे. जेड घासावा लागतो. जेडहून कठीण अशी वाळू, म्हणजे गारगोटीची, तामड्याची किंवा कुरुंदाची पूड, पाण्यात कालवायची. ती लोखंडी चकतीच्या धारेवर सोडायची आणि पायटे दाबून चकती फिरवायची. सुंग यिंग-शिंग याने १६३७ साली प्रसिद्ध केलेल्या 'थिएन-कुंग खाय-वू' या उद्योगविषयक ग्रंथात हे तंत्र वर्णिले आहे. १८९१ साली ली छंग-युआन याने या कामाचे टप्पे चित्रांतून दाखविले. प्रथम वाळू कुटणे, मग शिळा चिरणे, रूप देणे, पोकळ नळीच्या गिरमिटाने आत भोक पाडून मधला गाभा काढणे, आतली बाजू वाकड्या टोकाच्या हत्यारांनी वाढविणे आणि शेवटी लाकडी व चामडी चाकांवर झिलई आणणे.

आमच्या उपासकाच्या प्रश्नाचे उत्तर असे मिळाले. त्या वळलेल्या कडेच्या आत हात पोचलाच नव्हता. वाकड्या लोखंडी टोकावरचा ओल्या वाळूचा कण तेथे पोचला होता, आणि तो कण तेथे दिवसेंदिवस फिरवणारा एक माणूस बाहेर बसला होता. हे आम्ही पुढच्या रविवारी सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आमचंच काम. फक्त मोटर नव्हती."

मेजावरच्या वस्तू

चिनी लेखनाची मूळ साधने चार मानली जातात: कुंचला, शाईची वडी, कागद आणि शाई उगाळण्याचा दगड. यांपैकी एकही सहसा जेडचे नसते. शाई उगाळायला किंचित खरखरीत पृष्ठभाग लागतो आणि झिलई केलेला जेड त्यासाठी फार गुळगुळीत पडतो. त्या कामी क्वांगतुंग प्रांतातील त्वान येथील दगड नावाजलेला होता. जेडला स्थान मिळाले ते या चौघांच्या सेवेतील उपकरणांत.

शाई उगाळताना पाणी थेंबाथेंबाने घालावे लागते, म्हणून लहानशी झारी किंवा पाण्याची कुपी. कुंचला धुण्यासाठी पसरट भांडे. ते कमळाच्या पानाचे किंवा पीचच्या फळाचे रूप घेई. ओला कुंचला टेकविण्यासाठी पर्वतशिखरांच्या रांगेसारखी घोडी. कुंचले उभे ठेवण्यासाठी दंडगोल पात्र. कागद उडू नये म्हणून बसलेल्या प्राण्याच्या आकाराचे वजन. ओली शाईची वडी ठेवण्यासाठी छोटी चौकी. उजवीकडून डावीकडे, वरून खाली लिहिताना ताज्या अक्षरांवर हात घासू नये म्हणून मनगटाखाली घ्यायची पट्टी. ही बहुधा बांबूची असे, क्वचित जेडची. आणि स्वतःच्या नावाची मुद्रा.

मनगटाच्या त्या पट्टीकडे पाहून पालीच्या अभ्यासकाला महावग्गातील उपालीची कथा आठवल्यावाचून राहत नाही. मुलगा लिहायला शिकला तर त्याची बोटे दुखतील, हिशेब शिकला तर छाती दुखेल, नाणी पारखायला शिकला तर डोळे दुखतील, असा विचार करून राजगृहातील त्या आईबापांनी उपालीसाठी भिक्खूजीवनाचा पर्याय निवडला. लेखन हे बोटे दुखविणारे श्रम आहेत, ही जाणीव त्या कथेत आहे. चिनी मेजावरची पट्टी हीच जाणीव दाखविते. उपकरण गरजेतून जन्मते, असा हा पहिला टप्पा.

पुढे मिंग राजवटीच्या उत्तरार्धात उपकरणाचे अभिरुचीत रूपांतर झाले. मेजावर काय असावे, कोणत्या दगडाचे असावे, कोणते ग्राम्य दिसते, यावर ग्रंथ लिहिले गेले. त्यांतील प्रसिद्ध ग्रंथ सूचौ येथील वेन चेन-हेंग (१५८५–१६४५) याचा. त्या ग्रंथाच्या नावाचा अर्थच 'अधिकच्या वस्तूंविषयीचा ग्रंथ' असा होतो. नावात विनय आहे आणि थोडा अभिमानही. ज्याच्याजवळ अधिकचे आहे तोच ते अधिकचे आहे असे म्हणू शकतो. भिक्खूची अट्ठपरिक्खार, म्हणजे तीन चीवरे, पात्र, वस्तरा, सुई, कमरबंद आणि पाणी गाळण्याचे साधन, ही यादी या ग्रंथाशेजारी ठेवली, की दोन जीवनदृष्टींतील अंतर कळते.

मुंबईत आणि हैदराबादेत

या जातीच्या वस्तू पाहायला मराठी वाचकाला चीनला जाण्याचे कारण नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात चिनी व जपानी कलावस्तूंचे दालन आहे. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा या बंधूंचे संग्रह अनुक्रमे १९२१ व १९३३ साली या संस्थेस मिळाले, आणि त्यांतून चिनी मातीची भांडी, जेडच्या वस्तू, तपकिरीच्या कुप्या तेथे आल्या. मुंबई आणि चीन यांच्यातील कापसाच्या व अफूच्या व्यापाराने एकोणिसाव्या शतकात हे दोन किनारे जोडले होते. त्या व्यापाराची काळी बाजू आणि चिनी वस्तूंची आवड या दोन्ही गोष्टी मुंबईच्या इतिहासात शेजारी शेजारी आहेत.

दख्खनमध्ये जेडचा दुसरा मोठा साठा हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात आहे. तेथे इल्तुतमिशाचे नाव कोरलेली जेडची रेहाल, म्हणजे पोथी ठेवण्याची घोडी, पाहावयास मिळते. मोगल दरबारातही जेडला मान होता. जहांगीरसाठी १६१८–१९ मध्ये घडविलेली जेडची दौत आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात आहे. त्या दौतीवर बादशहाच्या नावाबरोबर मोमिन या कारागिराचेही नाव आहे. ही बाब वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिचा संदर्भ पुढे येणार आहे.

खोतान: जेडची नदी आणि धम्मपद

चिनी मेजावरचा उत्तम नेफ्राइट मध्य आशियातील खोतानहून येई. कुनलुन पर्वतातून उतरणाऱ्या युरुंगकाश आणि काराकाश, म्हणजे पांढऱ्या जेडची आणि काळ्या जेडची नदी, या दोन प्रवाहांच्या पात्रांत त्याचे गोटे सापडतात. बौद्धांच्या दृष्टीने खोतानला आणखी एक महत्त्व आहे. इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकात ते बौद्ध राज्य होते. इ. स. ४०१ च्या सुमारास फाहियान तेथे गेला, गोमती विहारात राहिला आणि त्याने तेथील मूर्तींची रथयात्रा पाहिली. चीनमधून धम्मग्रंथ शोधायला निघालेला भिक्खू आणि चीनकडे निघालेला जेड हे एकाच वाटेवर समोरासमोर येत होते.

फाहियानच्या प्रवासातील आणखी एक प्रसंग जेडशी निगडित आहे. पुढे तो सिंहलद्वीपी पोचला. अनुराधपूरच्या अभयगिरी विहारात हिरव्या जेडची सुमारे वीस फूट उंच बुद्धमूर्ती होती, असे तो सांगतो. घर सोडून वर्षे लोटली होती, सोबती कोणी वाटेत वारले होते, कोणी मागे राहिले होते. त्या मूर्तीजवळ एका व्यापाऱ्याने पांढऱ्या रेशमाचा चिनी पंखा अर्पण केलेला त्याने पाहिला आणि त्याचे डोळे भरून आले. एवढ्या मोठ्या जेडच्या मूर्तीपुढे त्याला रडू आले ते मायदेशी कोणाच्या तरी हातांनी विणलेल्या एका साध्या पंख्यामुळे.

ह्युएनत्संग इ. स. ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रात आला होता. त्याने पाहिलेली राजधानी नाशिक असावी, असे मत काही विद्वानांनी मांडले आहे. परतीच्या वाटेवर सिंधू नदी ओलांडताना त्याच्या काही पोथ्या वाहून गेल्या. खोतानला थांबून त्याने त्यांच्या नकला मिळविण्यासाठी माणसे पाठविली. खोतानच्या वर्णनात तो पांढऱ्या व काळ्या जेडचा उल्लेख करतो, पण त्याचे चित्त पोथ्यांत आहे. ६४५ साली तो ६५७ ग्रंथ घेऊन चांग-आनला पोचला आणि ६६४ साली मृत्यू येईपर्यंत त्याने ७५ ग्रंथांचा अनुवाद सिद्ध केला. त्या अनुवादशाळेत मूळ सांगणारा, कुंचल्याने उतरवून घेणारा, भाषा सुधारणारा, ताडून पाहणारा अशी कामाची वाटणी होती, आणि अनेक ग्रंथांच्या शेवटी या सहकाऱ्यांची नावे नोंदविली गेली. कुंचला हाती धरणाऱ्यांची नावे चीनने जपली.

आता काराकाश नदीकडे पुन्हा वळू. १८९२ साली खोतानजवळ या नदीकाठच्या एका गुहेतून निघालेली भूर्जपत्रावरील पोथी फ्रेंच प्रवासी द्युत्रय द रॅन याच्या हाती आली. तिचा दुसरा भाग रशियन वकिलाकडे गेला. ही पोथी म्हणजे खरोष्ठी लिपीतील, गांधारी प्राकृतातील धम्मपद होय. १९२१ साली बेणीमाधव बरुआ आणि शैलेन्द्रनाथ मित्र यांनी कलकत्ता विद्यापीठातर्फे तिची आवृत्ती प्रसिद्ध केली आणि १९६२ साली जॉन ब्रफ यांची प्रमाण आवृत्ती आली. ज्या नदीतून सम्राटांच्या मेजासाठी दगड वेचला जात होता, तिच्याच काठी धम्मपद भूर्जाच्या सालीवर शतकानुशतके पडून होते. दगडाला गिऱ्हाईक मिळत गेले. पोथी मात्र त्या भूमीतून बौद्ध धम्म नाहीसा झाल्यावर विस्मरणात गेली.

पिंडोल भारद्वाज मेजावर येतो

जेडचा आणि बौद्ध परंपरेचा सर्वांत ठळक संबंध सोळा अर्हतांच्या रूपाने येतो. ही सोळा नावे ज्या ग्रंथातून चीनमध्ये रूढ झाली, त्याचा अनुवाद ह्युएनत्संगानेच ६५४ साली केला. यादीत पहिले नाव पिंडोल भारद्वाजाचे आहे. पुढे चित्रकार भिक्खू क्वान-श्यू याने या अर्हतांची चित्रे काढली. १७५७ साली चिएन-लुंग सम्राटाने हांगचौ येथील विहारात या चित्रमालिकेचे दर्शन घेतले आणि तिच्यावर प्रशस्ती लिहिली. त्यानंतर अर्हतांचे रूप जेडमध्ये फार लोकप्रिय झाले. डोंगराच्या आकाराची लहान शिळा, तिच्यात गुहा आणि गुहेत ध्यानस्थ अर्हत, अशी कलाकृती पंडिताच्या मेजावर दिसू लागली.

या पिंडोलाची पाली परंपरेतील कथा चुल्लवग्गात आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीने चंदनाचे सुबक पात्र करवून ते उंच बांबूवर टांगले आणि ज्याच्या अंगी ऋद्धी असेल त्याने ते घ्यावे, असे आव्हान दिले. पिंडोलाने आकाशमार्गे जाऊन ते पात्र काढले. लोक कौतुकाने त्याच्या मागे लागले. तथागतांनी त्याची निर्भर्त्सना केली, ते पात्र फोडून त्याचा चुरा भिक्खूंना अंजनासाठी द्यावयास सांगितला आणि लाकडी पात्र निषिद्ध ठरविले. त्याच प्रसंगी सोने, चांदी, मणी, वैडूर्य, स्फटिक यांची पात्रेही वर्ज्य ठरली. लोखंडाचे व मातीचे, अशी दोनच पात्रे अनुज्ञात राहिली.

मौल्यवान पात्राच्या मोहावरून ज्याची कानउघाडणी झाली, तोच अर्हत सम्राटाच्या मेजावरील मौल्यवान शिळेत बसविला जावा, यातील विसंगती जेड घडविणाऱ्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ज्यांना ग्रंथ वाचता येत होते, त्यांनीही ती मनावर घेतलेली दिसत नाही. अर्हताचे ध्यान पाहायला मिळाले, त्याच्यासाठी घालून दिलेली शिस्त मेजावर आली नाही. धम्माचे प्रतीक घरी असणे आणि धम्म घरी असणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे आपणांसही लागू आहे.

कोणाचे नाव, कोणाचे श्रम

मेजाच्या मालकाविषयी न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. चीनची राज्यसेवा परीक्षा सुइ राजवटीत सुरू झाली आणि १९०५ साली रद्द झाली. कुंचला हाती धरण्याचा अधिकार तेथे जन्माने एकाच वर्णाला दिलेला नव्हता. शेतकऱ्याच्या मुलालाही परीक्षेचे दार तत्त्वतः उघडे होते. ज्यांच्या पूर्वजांना अक्षर ऐकण्याचीही बंदी होती, त्या आपणांस ही तुलना अर्थपूर्ण वाटेल. परंतु चित्र पूर्णपणे उजळ नाही. स्त्रियांना परीक्षा नव्हती. नट, गुलाम, वाजंत्री अशी काही कुटुंबे 'हीन' म्हणून वगळलेली होती. शान्सी भागातील वाजंत्री कुटुंबांना युंग-चेंग सम्राटाने १७२३ साली त्या अवस्थेतून मुक्त केले. मिंग काळात कारागीर कुटुंबांची वंशपरंपरागत नोंदवही होती. ती चिंग राजवटीने १६४५ साली बंद केली. आणि वर्षानुवर्षे अभ्यास करण्यास लागणारा निवांतपणा गरिबाला कोठून मिळावा?

जेड घासणाऱ्यांपैकी फार थोडी नावे उरली आहेत. त्यांतील प्रसिद्ध नाव म्हणजे सोळाव्या शतकातील सूचौचा लू त्सु-कांग. तो आपल्या वस्तूंवर स्वतःचे नाव घाली. पुढे त्या नावाला इतकी किंमत आली, की इतरांच्या कामावरही ते घातले जाऊ लागले. एकाला नाव मिळाले, तेही इतरांचे श्रम झाकण्याच्या उपयोगी पडले.

१७५९ साली चिएन-लुंगच्या सैन्याने खोतान-यारकंदचा प्रदेश जिंकला आणि जेडचा ओघ वाढला. पेकिंगच्या राजवाडा संग्रहालयात आज जी प्रचंड जेडशिळा आहे, ती या ओघाची साक्ष होय. तिचे वजन पाच टनांहून अधिक, उंची सुमारे सव्वादोन मीटर. पुरातन राजा यू याने पूर आवरल्याचे दृश्य तिच्यावर आहे: शेकडो माणसे डोंगर फोडत आहेत, दगड वाहत आहेत. यांगचौच्या कारागिरांनी ती वर्षानुवर्षे घासून १७८७ साली पूर्ण केली. शिळेवर सम्राटाची कविता व मुद्रा आहेत. श्रमाचे एवढे मोठे चित्र ज्यांनी घडविले, त्या यांगचौच्या माणसांची नावे तिच्यावर नाहीत. जहांगीरच्या दौतीवरील मोमिनचे नाव म्हणूनच लक्षात ठेवण्यासारखे.

घासणाऱ्याच्याही आधी दगड काढणारा असतो. १७७८ साली काओ फू नावाच्या यारकंद येथील चिंग अधिकाऱ्याचे प्रकरण उघडकीस आले. त्याने तेथील तीन हजारांहून अधिक स्थानिक मुसलमान रहिवाशांना डोंगरातून जेड काढण्यासाठी वेठीला धरले होते आणि तो दगड चोरून सूचौच्या बाजारात विकविला होता. स्थानिक प्रमुखाने तक्रार केली. चौकशी होऊन काओ फूला देहान्त शासन झाले. सम्राटाच्या हक्काचा दगड चोरला आणि प्रजेला नाडले, असे दोन्ही आरोप त्यात होते. पंडिताच्या मेजावरच्या झारीतून पाण्याचा एक थेंब शाईवर पडतो, तेव्हा त्या थेंबामागे असा डोंगर आणि अशी माणसे असू शकतात.

विनयातील दन्तकार

आता आम्ही आरंभी उल्लेखिलेल्या विनयाच्या प्रश्नाकडे येतो. पाचित्तिय ८६ या शिक्षापदाची निदानकथा सुत्तविभंगात आहे. तथागत कपिलवत्थुजवळ निग्रोधारामात विहरत होते. तेथील एका दन्तकाराने, म्हणजे हस्तिदंत घडविणाऱ्याने, ज्यांना सूचिघर लागेल त्या भिक्खूंना आपण ते देऊ, असे श्रद्धेने सांगितले. सूचिघर म्हणजे सुया ठेवण्याची लहानशी डबी. भिक्खू मागू लागले. ज्यांच्याजवळ लहान होती त्यांनी मोठी मागितली, ज्यांच्याजवळ मोठी होती त्यांनी लहान मागितली. दन्तकार सूचिघरेच करीत बसला. विक्रीचा दुसरा माल त्याला करता येईना, स्वतःचा निर्वाह होईना आणि त्याची बायकामुले हाल सोसू लागली. लोकांत कुजबुज झाली. तेव्हा हाडाचे, हस्तिदंताचे किंवा शिंगाचे सूचिघर करविणाऱ्या भिक्खूस पाचित्तिय दोष लागेल आणि ती वस्तू फोडून टाकावी लागेल, असे शिक्षापद घालून देण्यात आले. अशा दोषाला 'भेदनक' म्हणतात.

या कथेत हस्तिदंत अशुद्ध आहे असे म्हटलेले नाही. कलेचा द्वेषही नाही. दन्तकाराच्या श्रद्धेला दोष दिलेला नाही. नियमाचा आधार एकच आहे: दन्तकाराच्या घरात काय घडले. सुंदर वस्तू हातात असताना तिच्यामागच्या घरात चूल पेटली की नाही, हे पाहण्याची ही दृष्टी जगाच्या धार्मिक वाङ्मयात दुर्मिळ म्हणावी अशी आहे.

हाच फरक दृष्टान्तांतही दिसतो. 'ली-ची' या चिनी ग्रंथात विद्या न मिळालेल्या माणसाची तुलना न घासलेल्या जेडशी केली आहे. शिकणे म्हणजे घासून घडणे, ही कल्पना उत्तम आहे, पण त्या दृष्टान्तात दगड आहे, घासणारा दिसत नाही. धम्मपदाच्या पंडितवग्गात पाट काढणारे, बाण सरळ करणारे आणि सुतार हे स्वतः उपस्थित आहेत. मलवग्गात चांदीतील मळ हळूहळू काढणारा कम्मार आहे. पंडिताला तेथे श्रमिकाकडे पाहून आपले काम शिकावयाचे आहे.

त्रिरश्मी डोंगरावरचा लेखक

अंबडजवळच त्रिरश्मी डोंगराची लेणी आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणत आले, लेखांत डोंगराचे नाव 'तिरण्हु' असे येते. येथील दहाव्या लेण्यातील उषवदाताच्या लेखात गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेवल्याची नोंद आहे. त्यांच्या व्याजातून भिक्खूंच्या चीवरांची सोय व्हावयाची होती. दान राजघराण्यातील माणसाचे, पण ते ज्यांच्या मागावर उभे राहिले त्या विणकरांचा उल्लेख दगडात आहे.

चोविसाव्या लेण्याचा लेख त्याहून साधा आहे. दशपुरचा, म्हणजे आजच्या मंदसोरचा रहिवासी, विष्णुदत्ताचा पुत्र, शक वुधिक याने हे लेणे आणि पाण्याची दोन टाकी दिली. त्यांतील एक टाके त्याने आपल्या आईवडिलांप्रीत्यर्थ दिले. या लेखात वुधिक आपली ओळख 'लेखक' अशी करून देतो. सुमारे अठराशे ते एकोणीसशे वर्षांपूर्वी लेखणीवर पोट भरणारा हा एक माणूस. त्याच्या मेजावर काय होते, ते आपणांस ठाऊक नाही. त्याने मागे काय ठेवले, ते ठाऊक आहे. चिनी पंडिताच्या मेजावर पाण्याची झारी होती, एका माणसाच्या शाईपुरती. या लेखकाने पाण्याचे टाके दिले, येईल त्या भिक्खूसाठी. महाडच्या तळ्याचे पाणी घेण्यासाठी १९२७ साली ज्यांना सत्याग्रह करावा लागला, त्यांच्या वंशजांना या दानाची थोरवी समजावून सांगण्याची गरज नाही.

आज आपल्या घरांत लेखनमेजे आली आहेत. त्यांवर पुस्तके आहेत, संगणक आहेत, बुद्धमूर्ती आहेत, बाबासाहेबांची प्रतिमा आहे. हे सारे कष्टाने मिळविलेले आहे आणि त्याचा अभिमान योग्यच आहे. मेज सुंदर असू नये, असे आमचे म्हणणे नाही. जेडचे ते कमळपान आम्हांलाही सुंदर वाटते. त्या मेजावरून दन्तकाराचे घर दिसत राहावे, एवढेच आमचे म्हणणे आहे. आपल्या पदव्यांमागे कोणाच्या बोटांचे दुखणे आहे, हे विसरलेली विद्या मेजावरची शोभेची वस्तू होऊन बसते.

वर्गासह आम्ही त्रिरश्मी डोंगरावर गेलो, तेव्हा वुधिकाचा लेख आम्ही वाचून दाखविला. ग्राइंडिंगवर काम करणारे आमचे ते उपासक दगडाच्या कडेवरून हात फिरवीत होते. "इथे मात्र छिन्नी चालली आहे," ते म्हणाले. तो लेख आम्हांला वाचता आला, छिन्नीच्या खुणा त्यांना वाचता आल्या. दोन्ही वाचल्यावाचून त्या लेण्याचा इतिहास पुरा होत नाही.